मतदाराने मागायचे काय?

निवडणुकीचा निकाल लागला की चार दिवस मतदाराचा जयजयकार होतो आणि पुढची पाच वर्षे त्याला बोल लावले जातात. पडलेला उमेदवार म्हणतो, लोक पैशाला भुलले. निवडून आलेला मनातल्या मनात तेच म्हणतो, फक्त उघड बोलत नाही. पारावर, लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या बैठकीत एक वाक्य ठरलेले असते: लोकच असे, मग पुढारी कसे असणार? बोलणारा अर्थातच त्या लोकांत स्वतःला धरत नाही.

हे वाक्य उडवून लावण्यासारखे नाही आणि जसेच्या तसे मान्य करण्यासारखेही नाही. 'मतदाराने बदलले पाहिजे' असे म्हणताना आपण एका दमात तीन गोष्टी गृहीत धरतो. मतदाराच्या वागण्यात दोष आहे, ही पहिली. त्याला परवडेल अशा किमतीत वेगळे वागणे शक्य होते, ही दुसरी. आणि तो वेगळा वागला असता तर राजकारण खरोखर बदलले असते, ही तिसरी. तिन्ही खऱ्या ठरल्या तरच त्या उपदेशाला अर्थ आहे. एरवी तो नुसता संताप. मतदारावरचे नेहमीचे आरोप या तीन कसोट्यांवर घासून पाहिले, तर ज्यांची सर्वांत जास्त ओरड होते ते कच्चे निघतात आणि ज्याची कुणी वाच्यता करत नाही तो पक्का ठरतो, असे माझे म्हणणे आहे.

पाकिटाचा हिशेब

पहिला आरोप पैशाचा. कायद्यापुरता प्रश्न मिटलेला आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३ मध्ये मतासाठी लाच देणे जसे भ्रष्ट आचारात मोडते तसे ती घेणेही मोडते. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. दोष आहे, म्हणजे पहिली कसोटी पार पडली. पुढच्या दोन कसोट्यांवर मात्र घोडे अडते.

पाकिटे वाटली जातात त्या रात्रीचा व्यवहार पाहा. कार्यकर्ता मतदारयादी घेऊन बसतो, घरटी किती मते ते मोजतो आणि त्या हिशेबाने पाकिटे पोचती करतो. वाटेत काही पाकिटे गळतात, हे वरच्यांनाही ठाऊक असते. ज्या घरात एकाचे पाकीट येते त्याच घरात दुसऱ्याचेही येते. मतदान गुप्त असल्याने कुणी कुणाला मत दिले ते कळायला मार्ग नाही. मग उमेदवार पैसा ओततो कशासाठी? सिमॉन शोशार या अभ्यासकाने मुंबईतल्या निवडणुकांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचे उत्तर शोधले आहे. दिलेल्या पैशाच्या बदल्यात मत मिळेलच अशी खात्री वाटणाऱ्यालाही नसते. समोरचा वाटतो म्हणून आपल्याला वाटावे लागते. हात आखडता घेतला तर गडी शर्यतीतच नाही असा बोभाटा होतो. विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. ती पाळणारा उमेदवार निवडणूक कार्यालयात दाखल केलेल्या हिशेबात भेटतो, मतदारसंघात क्वचितच.

म्हणजे पाकीट घेऊन मनाप्रमाणे मत देणारा आणि न घेता मनाप्रमाणे मत देणारा, या दोघांत नीतीच्या दृष्टीने दुसरा उजवा असला तरी निकालात फरक पडत नाही. नुकसान होते ते दुसरीकडे. वाटपाची रीत पडली की वाटायला ज्याच्याकडे नाही तो अर्जच भरत नाही. मत विकले जाते की नाही हा वादाचा मुद्दा आहे. उमेदवारी विकली जाते याबद्दल वाद नाही. आणि ही रीत एकट्यादुकट्याने पाकीट परत केल्याने मोडत नाही.

सगळ्यांनी मिळून ठरवले तर? तेही महाराष्ट्रात घडले आहे, पण भलत्याच दिशेने. जानेवारी २०२१ मधल्या ग्रामपंचायत निवडणुकांच्या वेळी नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदासाठी चक्क लिलाव झाला. बोली २ कोटी ५ लाखांवर गेली. पैसा गावच्या मंदिराच्या कामासाठी जाणार होता. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत असाच लिलाव झाला, तिथली बोली ४२ लाखांची होती. राज्य निवडणूक आयोगाने मतदानाच्या तोंडावर दोन्ही गावांच्या निवडणुका रद्द केल्या.

या प्रकाराला अडाणीपणा म्हणून मोकळे होता येत नाही. त्यामागचा हिशेब चोख आहे. नाहीतरी पॅनेलवाले मटण, दारू आणि पाकिटांवर लाखो उधळणार, भावकीत भांडणे लावणार आणि गावाच्या हाती काही उरणार नाही. त्यापेक्षा तोच पैसा एकदाच, उघडपणे आणि सार्वजनिक कामासाठी का घेऊ नये? हा विचार करणारा मतदार बेसावध नाही, असंघटितही नाही. त्याने एकत्र येऊन सौदा केला आणि मिळणारी रक्कम वैयक्तिक न ठेवता सामाईक केली. चुकले ते एवढेच की जी वस्तू त्याने विक्रीला काढली ती त्याच्या एकट्याच्या मालकीची नव्हती. बोली लावू न शकणाऱ्या शेतमजुराचा, उभे राहू पाहणाऱ्या बाईचा, वेगळे मत असलेल्या दहा घरांचा हक्कही त्या लिलावात गेला. बिनविरोध या शब्दाचे आपल्याकडे फार कौतुक आहे. विरोध कसा मिटवला, हे विचारल्याशिवाय ते करू नये.

जात, गुन्हा आणि माहितीचा उपाय

दुसरा आरोप जातीचा आणि तिसरा गुन्हेगारांना निवडून देण्याचा. दोन्हींची मुळे एकाच जमिनीत असल्याने ते एकत्र घेतो. २०२४ मध्ये निवडून आलेल्या ५४३ खासदारांपैकी २५१ जणांनी आपल्यावर फौजदारी खटले असल्याचे शपथपत्रात नमूद केले होते, असे असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने मोजले. सगळेच खटले गंभीर नसतात. आंदोलनात रस्ता अडवल्याचेही त्यांत येतात. तरीही आकडा लहान नाही, आणि ही शपथपत्रे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२-०३ मधल्या निर्णयांपासून सर्वांसाठी खुली आहेत. म्हणजे मतदाराला माहीत नव्हते, अशी सबब पुरत नाही.

मिलन वैष्णव यांनी आपल्या अभ्यासात असे दाखवले आहे की काही ठिकाणी मतदार अशा उमेदवाराला माहीत असूनही नव्हे, माहीत आहे म्हणूनच निवडतो. पोलीस ठाण्यात आपली तक्रार घेतली जात नसेल, तलाठ्याकडे फेरफार अडून पडला असेल, तर आपल्यातला, धाक असलेला माणूस निवडून जाणे हा विमा ठरतो. जातीचे मतही बऱ्याच अंशी याच हिशेबाने पडते. जातीच्या अभिमानाचा त्यात वाटा नाही असे मी म्हणत नाही, पण अभिमान एकटा इतकी वर्षे टिकला नसता.

यावर सुशिक्षितांचा आवडता उपाय म्हणजे मतदारजागृती. या उपायाची पडताळणी झालेली आहे, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी दिल्लीत २००८ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी झोपडवस्त्यांमध्ये आमदारांचे प्रगतिपुस्तक छापलेली वृत्तपत्रे वाटली. तिथे मतदान वाढले आणि कामात मागे असलेल्या आमदारांची मते घटली. एवढ्यावर थांबलो तर जागृतीवाल्यांचे म्हणणे सिद्ध झाले. पण पुढे ब्राझील, मेक्सिको, युगांडा, बेनिन, बुर्किना फासो अशा देशांत एकाच धर्तीवर प्रयोग झाले आणि २०१९ मध्ये त्यांचे एकत्र निष्कर्ष आले. उमेदवारांची माहिती पुरवल्याने लोकांच्या मतदानात सरासरी काहीच फरक पडला नव्हता. त्या मालिकेतला भारतातला प्रयोग तर प्रत्यक्षात येऊच शकला नाही.

यातून निघणारा अर्थ सरळ आहे. माहिती तिथेच उपयोगी पडते जिथे माणसाला तिच्याआधारे वेगळे काही मागता येते. आपला आमदार सभागृहात किती दिवस हजर होता हे कळून, ज्याचे काम आमदाराच्या चिठ्ठीशिवाय होतच नाही, त्याने करायचे काय?

मतदार शिक्षा करू शकत नाही, असेही नाही. साताऱ्यात मे २०१९ मध्ये निवडून दिलेल्या उदयनराजे भोसले यांनी काही महिन्यांत राजीनामा देऊन पक्ष बदलला, तेव्हा त्याच मतदारांनी ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत त्यांना पाडले. पुढे राज्यात पक्षच्या पक्ष फुटले. त्यानंतर लोकसभेत महायुतीला ४८ पैकी १७ जागा देणाऱ्या मतदारांनी सहा महिन्यांतच विधानसभेत तिला २८८ पैकी २३० च्या घरात जागा दिल्या. मधल्या काळात लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये खात्यात येऊ लागले होते. त्या महिलांना विकाऊ म्हणणे मला साफ नामंजूर आहे. उघडपणे जाहीर झालेली, नियमाने मिळणारी, अर्थसंकल्पातून दिलेली रक्कम आणि रात्री दाराखालून सरकवलेले पाकीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खटकते ते निराळे. निवडणुकीत एका आघाडीने २,१०० चे, दुसरीने ३,००० चे आश्वासन दिले. योजनेचा वर्षाचा खर्च सरकारनेच ४६,००० कोटी सांगितला होता. हे पैसे कोणत्या खर्चाला कात्री लावून येणार, हा प्रश्न दोन्हींपैकी एकाही मंडपात कुणी उभे राहून विचारला नाही. ज्यांना त्या पैशाची गरज नव्हती त्यांनीही नाही.

सोमवार सकाळ, जनसंपर्क कार्यालय

आता तो आरोप, जो कुणी करत नाही. आमदाराच्या जनसंपर्क कार्यालयात सोमवारी सकाळी जाऊन बसा. बाहेर चपलांचा ढीग, आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर नेत्यांच्या तसबिरी, चहाची किटली फिरत असते. पीएच्या टेबलावर लेटरहेडचा गठ्ठा असतो आणि साहेब गाडीतून उतरायच्या आत निम्म्या लोकांचे काम तोच उरकतो. एका शेतकऱ्याची डीपी जळून आठ दिवस झालेत, महावितरणला फोन हवा आहे. एका निवृत्त शिक्षकाची पेन्शनची फाइल अडली आहे. एकाला भावाची बदली गावाजवळ करून हवी आहे. एका बाईचा नवरा ट्रस्टच्या रुग्णालयात दाखल आहे, बिल कमी करण्यासाठी पत्र हवे आहे. दोघे जण लग्नपत्रिका घेऊन आलेत. साहेबांनी यायचेच, नाहीतर पाहुण्यांत मान राहत नाही. साहेबांची डायरी आधीच भरलेली असते: दोन लग्ने, एक दशक्रिया, एक वास्तुशांत, एका सप्ताहाचा काल्याचा दिवस.

या गर्दीत कोणत्या विधेयकावर तुम्ही काय भूमिका घेतली, असे विचारणारा माणूस भेटणार नाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्थसंकल्पातल्या मागण्या हे आमदाराचे घटनेने नेमून दिलेले काम. त्याचा हिशेब मागणारा कुणी नाही. देशातल्या विधानसभा वर्षाकाठी सरासरी महिनाभरही बसत नाहीत आणि त्यावर मतदारसंघात कुणी नाराज झाल्याचे ऐकिवात नाही. दशक्रियेला न आलेला आमदार मात्र लक्षात राहतो. जे मागितले जाते तेच पुरवले जाते.

त्या ट्रस्टच्या रुग्णालयातल्या बाईकडे थोडे थांबून पाहू. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना २००६ पासून लागू आहे. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. ती बाई उत्पन्नाच्या अटीत बसत असेल तर तिला पत्राची गरजच नाही. तो तिचा हक्क आहे. पण हक्क म्हणून मागायला गेली तर खाट शिल्लक नाही असे उत्तर मिळण्याची शक्यता मोठी, आणि साहेबांचा फोन गेला तर खाट निघते. हक्काचे असे उपकारात रूपांतर झाले की आमदाराची पुंजी वाढते. रुग्णालयाने नियम पाळले तर बाई कुणाचीच ऋणी राहणार नाही. फोनमुळे खाट मिळाली तर पाच मते बांधली गेली. मग कार्यालये, रुग्णालये, ठाणी आपोआप नीट चालावीत असे कोणत्या लोकप्रतिनिधीला मनापासून वाटेल?

या वागण्याला तीन कसोट्या लावू. बाईने पत्र मागितले यात मी दोष धरणार नाही. नवरा खाटेवर असताना अपील करत बसणे तिला परवडणारे नाही. निवृत्त शिक्षकाचे तसे नाही. त्याला अर्ज लिहिता येतो, माहिती अधिकार ठाऊक आहे, वरिष्ठांकडे लेखी तक्रार करायला हाताशी वेळ आहे. दाखले, उतारे, परवानग्या यांसाठी तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर पहिले अपील, दुसरे अपील आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. ही वाट लांबची आहे हे खरे, पण शिक्षक ज्या वाटेने जातो तिने त्याच्या मागच्या माणसाचे काम होत नाही. दुसऱ्या वाटेने गेला असता तर झाले असते. आणि तिसरी कसोटी इथेच सर्वांत भक्कम उतरते. पाकीट नाकारल्याने उमेदवाराचे फारसे बिघडत नाही. चिठ्ठीची गरज संपली तर त्याची सगळी जुळणीच मोडते.

म्हणून बदलायची आहे ती मागणी, आणि बदलाचा भार सर्वांवर सारखा नाही. ज्याला वाट पाहणे परवडते त्याच्यावर तो जास्त आहे. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते असा इशारा दिला होता. तो आपण फक्त मोठ्या नेत्यांपुरता घेतो. साहेबांच्या चिठ्ठीसाठी रांगेत उभा राहणारा माणूस तीच भक्ती किरकोळीत करत असतो.

एकत्र मागण्याच्या जागा

एकत्र मागणी करणारा मतदार कल्पनेतला नाही. दारूबंदीसाठी होणारे 'आडवी बाटली'चे मतदान हे त्याचे अस्सल मराठी उदाहरण. बायका आधी सह्या गोळा करतात, उत्पादनशुल्क खात्याकडे खेटे घालतात, मग चिन्हांवर मतदान होते: उभी बाटली किंवा आडवी बाटली. दुकान बंद व्हायला झालेल्या मतांतले बहुमत पुरत नाही; नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे घरी बसलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूची. ही अट जाचक आहे. तरीही अनेक गावांत बायकांनी ती पुरी करून दुकाने बंद पाडली. याच बायका एरवी भूलथापांना बळी पडतात असे म्हणणाऱ्याने या मतमोजणीला एकदा हजर राहावे.

याउलट शहर. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत कोल्हापूर जिल्ह्यात ७६ टक्के मतदान झाले, गडचिरोलीतही सत्तरीच्या पुढे. मुंबई शहर जिल्हा ५२ टक्क्यांच्या आसपास थांबला. याद्यांतला घोळ आणि कामानिमित्त होणारी स्थलांतरे ही कारणे आहेतच, पण टक्केवारीपेक्षा मला दुसरी गोष्ट मोठी वाटते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक कारभार पाहत राहिला. २०२५-२६ चे ७४,४२७ कोटींचे अंदाजपत्रक एकाही निवडून आलेल्या नगरसेवकाच्या मताशिवाय मंजूर झाले. निवडणुका घ्या, असे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. या काळात मुंबई-पुण्याच्या मतदाराने आपले प्रतिनिधित्व परत द्या म्हणून मोर्चा काढला नाही. नगरसेवक नव्हता तेव्हा त्याला चुकल्यासारखे वाटले ते गटाराच्या तक्रारीपुरते.

पुण्यात २००६ पासून नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली कामे सुचवता येतात. सूचना पदपथ, बाके, दिवे यांपलीकडे फारशा जात नाहीत आणि अर्ज भरणारे थोडेच. तरी ही वाट चिठ्ठीची नाही. कायद्यात क्षेत्रसभेची तरतूदही आहे. ती अपवादानेच भरते, कारण भरवा म्हणून कुणी मागे लागत नाही.

खेड्यात तर व्यवस्था हाताशी आहे. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तीन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसे पुरतात आणि तीही जमत नाहीत. सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, तेव्हा सरपंच, ग्रामसेवक आणि पाचपंचवीस माणसांत वर्षाचा आराखडा मंजूर होऊन जातो. नोंदवहीवर सह्या नंतर घरोघर फिरून घेतल्या जातात. इथे पुढाऱ्याने कुणाला अडवलेले नसते, पैसाही वाटलेला नसतो. मतदार नुसता आलेला नसतो.

मतदाराने बदलायला हवे का, याचे माझे उत्तर होय असे आहे. पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या त्या एका दिवसाबद्दल मात्र मी ते देत नाही. येत्या २ ऑक्टोबरला किंवा २६ जानेवारीला गावी असाल तर ग्रामसभेला जा, आणि मागच्या सभेचे इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. शहरात राहत असाल तर आपल्या आमदाराला पुढच्या अधिवेशनाआधी एक पत्र लिहा. त्यात स्वतःचे कोणतेही काम लिहू नका, सभागृहात ते कोणता प्रश्न विचारणार आहेत एवढेच विचारा.